ताटातली उणीव : मगनवाडी ते बोरगाव मेघे

वर्धा शहराला लागून 'मेघे' हे नाव लावणाऱ्या गावांची एक माळच आहे. सावंगी, सिंदी, पिपरी आणि बोरगाव ही सगळी त्यातलीच. ही गावे कागदोपत्री ग्रामपंचायतीची असली तरी राहणीने बरीचशी शहराचीच झाली आहेत. बोरगाव मेघेसारख्या वाढत्या गावात औषधाच्या दुकानात आता दोन प्रकारचा माल दिसतो. एक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा आणि दुसरा चिठ्ठीवाचून मागितला जाणारा. दुसऱ्या प्रकारात बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्या, कॅल्शियम, प्रोटीन पावडरचे डबे आणि केसांसाठी, सांध्यांसाठी, 'ताकदीसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल येतात. या मालाची खरी गरज किती, हा प्रश्न आज आरोग्याचा म्हणून विचारला जातो. पण याच परिसराला त्या प्रश्नाचा नव्वद वर्षांचा इतिहास आहे. गावातल्या माणसाच्या ताटात नेमके काय कमी आहे, ते कोणी काढून घेतले आणि कुठून परत आणायचे, याचा जाहीर आणि पद्धतशीर शोध १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सुरू झाला. त्या शोधात काय सापडले आणि तो कुठे अडला, हे नीट पाहिले तर पूरक गोळ्यांची खरी जागाही कळते. ती जागा लहान आहे पण पक्की आहे. दुकानदार सांगतो तितकी ती मोठी नाही, आणि ग्रामीण आहाराचे भक्त म्हणतात तशी शून्यही नाही.

ऑक्टोबर १९३४च्या मुंबई अधिवेशनात काँग्रेसने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापण्याचा ठराव केला आणि डिसेंबरात वर्ध्यात संघाचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि तिथली इमारत संघाला दिली. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. संघाच्या कामाची यादी वाचली की ती उद्योगांची वाटते : हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ, मधमाश्या, हातकागद. पण पहिल्या चार नावांकडे पुन्हा पाहावे. ती अन्नाची नावे आहेत. गिरणीमुळे गावातल्या बाईचा रोजगार गेला, ही तक्रार तर होतीच. तिच्या जोडीला दुसरी तक्रार होती, की त्याच गिरणीने दाण्यातले सत्त्वही नेले. ही दुसरी तक्रार खरी की खोटी, हे श्रद्धेवर न सोडता गांधीजींनी डॉक्टरांना आणि रसायनशास्त्रज्ञांना प्रश्नावली पाठवली. सडीचा आणि असडीचा तांदूळ, गूळ आणि साखर, घाणीचे आणि गिरणीचे तेल यांत पोषणाच्या दृष्टीने फरक किती, असे त्यांनी विचारले आणि आलेली उत्तरे आपल्या 'हरिजन' साप्ताहिकातून छापली. संघाच्या सल्लागारांत रवींद्रनाथ ठाकूर, प्रफुल्लचंद्र राय, सी. व्ही. रामन यांच्याबरोबर सर रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांचेही नाव होते. हे मॅक्‌कॅरिसन ब्रिटिश सरकारच्या नोकरीतले लष्करी डॉक्टर. निलगिरीतल्या कुन्नूर येथे त्यांनी पोषण-संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली होती आणि भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांचे आहार उंदरांना घालून त्यांची वाढ मोजली होती. ज्या राजवटीशी लढा चालला होता, तिच्या प्रयोगशाळेचे ज्ञान मगनवाडीला वर्ज्य नव्हते.

तांदळाचा मुद्दा तेव्हा जगभर गाजलेला होता. जावामध्ये आइकमन या डच डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले होते, की पांढऱ्या सडीच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या दुखण्याने लुळ्या पडतात आणि कोंडा खाऊ घातला की उठून उभ्या राहतात. दाण्याच्या टरफलाखाली जो पातळ तपकिरी पापुद्रा असतो आणि टोकाला जो बारीक कोंब असतो, त्यांतच ब-१ जीवनसत्त्वाचा मोठा भाग साठलेला असतो. उखळात मुसळाने कांडले की टरफल निघते, पापुद्रा बराचसा राहतो. गिरणीत पॉलिश झाले की पापुद्रा आणि कोंब दोन्ही जातात आणि दाणा मोत्यासारखा दिसू लागतो. तांदूळ दिसायला जितका देखणा, तितका पोषणाला पोकळ, हे मगनवाडीचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. त्यातून निघणारा उपाय साधा होता. जे काढायलाच नको होते ते काढू नका, म्हणजे परत घालावे लागणार नाही.

१९३५च्या आरंभापासून एप्रिल १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, मुक्काम हलवेपर्यंत गांधीजी मगनवाडीत होते, आणि तिथल्या स्वयंपाकघरावर त्यांची जातीने देखरेख होती. आहारशास्त्राची पुस्तके कच्च्या हिरव्या पाल्याचा आग्रह धरतात, तर मग आपल्या आजूबाजूला कोणता पाला खाण्यासारखा आहे, हे त्यांनी शोधायला घेतले. मुळ्याचा, गाजराचा, सलगमाचा पाला आपण देठासकट फेकतो किंवा गुरांपुढे टाकतो. तो धुऊन, कच्चा, थोडा थोडा प्रत्येक जेवणात घ्यावा, असे त्यांनी सुचवले. कडुनिंबाचा पाला आणि चिंच यांची चटणी जेवणात आली आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पानातही वाढली जाऊ लागली. त्याच वर्षी सोयाबीनचा प्रयोग झाला. बडोदा संस्थानातून आलेल्या माहितीच्या आधारे मगनवाडीतल्या लोकांना भिजवून शिजवलेले सोयाबीन देण्यात आले. त्यांचे वजन, पोट आणि तब्येत यांवर लक्ष ठेवले गेले आणि निष्कर्ष 'हरिजन'मध्ये छापून आले. ज्याला दूध परवडत नाही त्याला प्रथिने आणि स्निग्धांश स्वस्तात मिळावेत, हा त्यामागचा हेतू. आजच्या भाषेत सांगायचे तर ते पूरक पोषणच होते, फक्त डब्यातले नव्हते, शेतातले होते.

या प्रयोगांवर आक्षेप घेणे सोपे आहे आणि ते घेतलेही पाहिजेत. माणसे थोडी, मुदत थोडी आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. वजन वाढले तर ते सोयाबीनने वाढले की नियमित जेवणाने, हे त्यातून ठरत नाही. १९२९ साली साबरमतीला केलेला कच्च्या धान्याचा प्रयोग पोट बिघडल्याने गांधीजींना सोडून द्यावा लागला होता आणि तसे त्यांनी जाहीरही केले होते. त्याहून महत्त्वाचा आक्षेप स्थानिक आहे. वर्धा जिल्ह्याचे मुख्य अन्न तेव्हा ज्वारी होते, तांदूळ नव्हे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे इथल्या कास्तकाराचे जेवण. तांदूळ पूर्वेकडचा, भंडाऱ्याकडचा. जात्यावर दळलेल्या ज्वारीतला कोंडा कुठेच जात नव्हता, मग हातसडीच्या तांदळाचा एवढा पुकारा या जिल्ह्यात कोणासाठी, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. मगनवाडी साऱ्या देशासाठी बोलत होती, हे त्याचे उत्तर. पण त्यामुळे दाराशी असलेल्या ताटाची उणीव वेगळी आहे का, हे पाहायचे काही अंशी राहून गेले, हे मान्य करायला हवे.

एका बाबतीत मात्र गांधीजींचा प्रामाणिकपणा शास्त्रज्ञाला शोभेल असा आहे. ती बाब दुधाची. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले होते. १९१८च्या मोठ्या दुखण्यानंतर ते शेळीच्या दुधावर आले आणि आपला व्रतभंग झाला ही खंत त्यांना आयुष्यभर राहिली. दुधाला वनस्पतींतून पर्याय शोधावा, असे आवाहन ते वैद्यांना, डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना वर्षानुवर्षे करत राहिले. सोयाबीनही त्याच आशेने मगनवाडीत आले होते. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावरचे छोटे पुस्तक लिहिले, तेव्हाही त्यांना कबूल करावे लागले की केवळ वनस्पतिजन्य आहारावर शरीर टिकते असे आपल्या अनुभवाला आलेले नाही. तत्त्वाला जे हवे होते ते अनुभवाने दिले नाही, आणि त्यांनी अनुभवाच्या बाजूने लिहिले.

ते का मिळाले नाही, याचे उत्तर १९४८ साली लागले. जानेवारीत गांधीजींची हत्या झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांनी यकृतातून लाल स्फटिकांच्या रूपात बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळे काढले. ते जंतू तयार करतात. वनस्पती ते करत नाहीत. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून ते माणसाला मिळते. पालक, शेवगा, सोयाबीन, कडुनिंब कितीही खाल्ले तरी मिळत नाही. मगनवाडीचा शोध म्हणजे रानात एखादे झाड शोधत फिरण्यासारखा होता, आणि ते झाड रानात उगवतच नव्हते. पूरक गोळीचे समर्थन करायचे तर ते इथून सुरू व्हावे, असे मला वाटते. ज्या घरात दूध विकले जाते पण प्यायले जात नाही, ज्या घरात अंडे चालत नाही, तिथे या एका घटकाची उणीव पाल्याने भरून निघणार नाही. वर्धा जिल्हा हे गवळाऊ या देशी गाईचे माहेर आणि १९४१ साली जमनालालजींनी गोसेवा संघ उभारला तोही इथेच. तरी दूध जिल्ह्यात होते म्हणून ते प्रत्येक गरोदर बाईच्या वाट्याला आले, असे कधीच झाले नाही.

गोळीच्या बाजूचा दुसरा पुरावाही महाराष्ट्रातलाच आहे आणि तो मगनवाडीच्याही आधीचा आहे. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक तीव्र रक्तक्षय आढळत होता. त्यात रक्तपेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत आणि बाळंतपणात जीव जाई. विल्सबाईंनी आधी जंतू शोधले, मग आहाराकडे वळल्या. आहार जितका निकृष्ट तितका आजार जास्त, असे दिसले. प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर त्यांनी यीस्टचा अर्क वापरून पाहिला. मार्माइट नावाने तो स्वस्तात बाजारात मिळत असे. बायका सुधारल्या. १९३१ साली हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. त्या अर्कातला घटक कोणता, हे तेव्हा माहीत नव्हते, म्हणून त्याला विल्सबाईंचेच नाव पडले. पुढे १९४१ साली अमेरिकेत तोच घटक पालकाच्या पानांतून काढला गेला आणि त्याला फॉलिक अॅसिड हे नाव मिळाले. आज अंगणवाडीत, शाळेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाबरोबर जे फॉलिक अॅसिड दिले जाते, त्याचा धागा परळच्या त्या प्रयोगशाळेपर्यंत जातो.

मगनवाडीचा कच्चा पाला आणि मुंबईचा यीस्ट अर्क एकमेकांना ठाऊक नसताना एकाच पदार्थापाशी पोचले होते. फॉलिक अॅसिड उष्णतेने नासते, त्यामुळे पाला कच्चा खावा या आग्रहात तथ्य होते. मग दोघांतले कोणते खरे, पान की गोळी? दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी. निरोगी माणसाने पान खावे. रक्त आधीच उतरलेल्या आणि बाळंतपण तीन महिन्यांवर आलेल्या बाईला पानाने वेळेत वर आणता येत नाही, तिथे गोळी हवी. विल्सबाईंनी आधी उणीव ओळखली, मग ती भरणारी वस्तू शोधली आणि रक्त तपासून परिणाम पाहिला. गोळी देण्याची योग्य रीत हीच आहे.

ही रीत सोडली की काय होते, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यातले दोन निष्कर्ष मला फार मोलाचे वाटतात. पहिला असा, की आईने एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिने खाल्ली याचा बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. मगनवाडीत ज्या दोन गोष्टींचा ध्यास होता, पाला आणि दूध, त्या साठ वर्षांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांत मोजमापाने पुढे आल्या. दुसरा निष्कर्ष सावध करणारा आहे. यांतल्या बहुसंख्य मातांमध्ये बी-१२ कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फॉलिक अॅसिड जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. मधुमेहाकडे जाणारी ही वाट आहे. एवढ्यावरून गरोदरपणातल्या गोळ्या बंद कराव्यात असे कोणीही म्हणत नाही, आणि म्हणू नये. त्या गोळ्यांनी जीव वाचतात. पण एक उणीव भरताना शेजारची उणीव पाहिली नाही तर भरलेलेही पुरते लागू पडत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

मुंबईत याच विचाराची उलट बाजू तपासली गेली. झोपडपट्टीतल्या स्त्रियांना गर्भ राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज देण्यात आला. बाळाच्या वजनावर सरसकट मोठा परिणाम झाला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरले, आणि तेही विशेषतः फार हडकुळ्या नसलेल्या बायकांमध्ये. गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण मात्र स्पष्ट घटले. हा निकाल अन्नवाद्यांनी आणि गोळीवाद्यांनी दोघांनीही वाचावा. चांगले अन्न उपयोगी पडते, पण हळू, आणि वेळेवर सुरू केले तर. सातव्या महिन्यात दिलेल्या खाऊकडून चमत्काराची अपेक्षा करू नये.

आता एक आक्षेप जुन्या ताटाच्या अभिमान्यांकडून येतो. ज्वारी, तूर, जवस आणि रानभाजी खाणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना कोणती गोळी लागत होती, असे ते विचारतात. ते ताट गव्हा-तांदळाच्या रेशनने आणि शेतातल्या पालटाने मोडले, हे खरे आहे. चिवळ, घोळ, तरोटा या भाज्या ओळखणारी पिढीही मागे पडते आहे. ते नुकसान मोठे आहे. पण ते ताट परिपूर्ण होते, हे मात्र खरे नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारी आणि जवळजवळ फक्त ज्वारीच खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा होत असे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलायची, जुलाब लागायचे, मनही भ्रमिष्ट व्हायचे. १९६०च्या सुमारास हैदराबादच्या आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाच्या जास्त प्रमाणाशी जोडला. ज्वारीबरोबर डाळ, दूध, भाजी असली की हा आजार होत नसे. ज्याच्या घरी नुसती भाकर आणि मीठ-मिरची, त्याला होई. आजोबांचे ताट ज्या घरात भरलेले होते, त्या घराची आठवण आपल्यापर्यंत आली आहे. ज्या घरात ते रिकामे होते, त्या घराची आठवण सांगायला फारसे कोणी उरले नाही.

सोयाबीनचे पुढे काय झाले, हेही इथेच सांगितले पाहिजे. मगनवाडीत ज्या दाण्याची चव लोकांना नवी होती, तो आज विदर्भाच्या खरिपाचे मुख्य पीक आहे. वर्धा जिल्ह्यात कापूस आणि तुरीच्या बरोबरीने सोयाबीन दिसते. पण ते कास्तकाराच्या ताटात फारसे आले नाही. दाणा तेल गिरणीत जातो, तेल डब्यात जाते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. त्याच दाण्यातून वेगळे काढलेले प्रथिन पुढे सोया प्रोटीन पावडर म्हणून डब्यात भरून विकले जाते. १९३५च्या प्रयोगात शेत आणि ताट यांच्यामध्ये कोणी नव्हते. आज त्या दोहोंमध्ये अख्खा बाजार उभा आहे.

प्रथिनांच्या या वेडाला महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासकाने पन्नास वर्षांपूर्वी आकड्यांनी उत्तर दिले होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. संख्याशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत वीस वर्षे काम केले. १९६०च्या दशकात गरीब देशांत 'प्रथिनांची दरी' पडली आहे असा गाजावाजा झाला आणि ती भरायला माशांची भुकटी, कृत्रिम अमिनो आम्ले, खास मिश्रणे असे उपाय पुढे आले. सुखात्म्यांनी दाखवले की भारतीय आहारात धान्य आणि डाळ पोटभर असेल तर प्रथिने बहुधा आपोआप पुरतात. कमी पडते ते पोटभर अन्नच, आणि ते कमी पडले की खाल्लेले प्रथिनही शरीर सरपणासारखे जाळून टाकते. त्यांची काही पुढची मते वादग्रस्त ठरली. माणसाचे शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, या त्यांच्या मांडणीवर अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी कडक टीका केली आणि ती टीका मला पटते. पण प्रथिनांबाबतचा मूळ मुद्दा टिकला. हिशेब करून पाहावा. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ३०० ग्रॅम ज्वारीत जवळपास ३०, ८० ग्रॅम तूरडाळीत १७ आणि वाटीभर दह्यात आणखी तीन ग्रॅम मिळतात. इतके जेवणाऱ्याला डब्याची गरज नाही. २०२४ साली राष्ट्रीय पोषण संस्थेने काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेनेही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळण्याचाच सल्ला दिला. ज्यांची डाळच ४० ग्रॅमवर आली आहे, त्यांनी डब्याच्या पैशात डाळ घ्यावी.

सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. लोहाच्या गोळ्या देऊनही रक्तक्षय का हटत नाही? १९७०पासून देशात त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तरीही महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतले रक्तक्षयाचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते आणि २०१९-२१ मध्ये ५४ टक्क्यांवर गेले. बोटाच्या थेंबावरून केलेल्या मोजणीत फरक पडतो, असे काही तज्ज्ञ म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. मळमळते, शौचाला काळे होते, घरात कोणी समजावत नाही, म्हणून निळ्या-लाल गोळ्यांच्या पट्ट्या कपाटात तशाच पडून राहतात. जेवणावर लगेच चहा घेतला की आतड्यात लोह कमी शोषले जाते, लिंबू किंवा चिंचेची जोड असली की जास्त. मगनवाडीच्या चटणीतली चिंच अशी कारणी लागत होती. आणि लोह आत जाते तसे ते बाहेरही जाते. उघड्या जागी शौचाला बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या वस्तीत आकडीजंत आतड्यातून रक्त पीत राहतात. १९३५ साली गांधीजी आणि त्यांचे सहकारी रोज सकाळी झाडू-फावडी घेऊन मगनवाडीजवळच्या सिंदी गावात रस्त्यावरचा मैला उचलायला जात. ते काम आहाराच्या प्रयोगांपासून वेगळे समजले जाते, पण रक्ताच्या हिशेबात दोन्ही एकच आहेत. शिवाय विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांचे रक्त कमी असते ते बहुधा लोह नसल्याने नव्हे, आणि वारंवार रक्त भरलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते. इथे तपासणीवाचून गोळी देणे धोक्याचे आहे.

काही उणिवा मात्र गावाच्या हातच्या नाहीत, हे गावकैवाऱ्यांनी स्वीकारावे. आयोडीन मातीतून वाहून गेले असेल तर त्या मातीतल्या भाजीत ते येणार नाही. हिमाचलातल्या कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६पासून वर्षानुवर्षे काम करून दाखवले, की आयोडीनयुक्त मिठाने गलगंड ओसरतो. पुढे साधे, आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावर बंदी आली, तेव्हा तिला अनेक सर्वोदयी कार्यकर्त्यांनी विरोध केला. मिठाचा सत्याग्रह ज्यांचा वारसा, त्यांना सक्ती खुपणे मी समजू शकतो. लहान मिठागरांच्या पोटापाण्याचा त्यांचा मुद्दा रास्त होता. पण मुलांच्या मेंदूची वाढ पणाला लागलेली असताना आयोडीनलाच विरोध करणे चूक होते. याउलट रेशनच्या तांदळाचे उदाहरण पाहावे. तांदूळ आधी पांढरा शुभ्र सडायचा आणि मग त्यात शंभरास एक या प्रमाणात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेले बनावट दाणे मिसळायचे, अशी योजना २०२१पासून देशभर राबवली गेली. गावोगाव बायकांनी ते वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून फेकले. त्यांना कोणी सांगितले नव्हते, तर त्यांनी दुसरे काय करावे? बी-१२ घालणे योग्यच होते. पण दाण्याच्या पापुद्र्यातले जे ब-१ पॉलिशमध्ये गेले, ते या सक्तीच्या यादीत नाही. गिरणीने नेलेले परत आलेच नाही.

दुकानातल्या मालाविषयी शेवटचा युक्तिवाद विम्याचा असतो. उणीव असो नसो, एक गोळी घेतली तर बिघडते काय? बिघडते. विटामिन डीची ६० हजार एककांची पुडी आठवड्याला एक घ्यायची असते. ती कोणी महिनोन्महिने रोज घेतली तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. गरोदरपणात अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला बाधतो. आणि काही बिघडले नाही तरी पैसे जातातच, तेही डाळ, दूध, अंडी यांच्या वाट्याचे. नियमांनुसार अशा पूरक पदार्थांच्या वेष्टनावर ते औषध म्हणून वापरायचे नाहीत, अशी सूचना असणे बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरांत छापलेली असते. घेण्याआधी ती वाचावी.

बोरगाव मेघेचे भाग्य असे, की सेवाग्रामचे १९६९ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आणि सावंगीचे १९९० सालचे वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही जवळ आहेत. दोन-दोन प्रयोगशाळा जवळ असलेली गावे महाराष्ट्रात फार नाहीत. ग्रामपंचायतीने या दोन्ही संस्थांना पत्र लिहून एवढेच मागावे : गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचे आणि शाळकरी मुलीचे हिमोग्लोबिन, बी-१२ आणि सिकलसेल वर्षातून एकदा तपासा, आकडा त्यांच्या हातात लेखी द्या, आणि जिथे कमी आहे तिथेच गोळी सुरू करा. ज्यांना चिठ्ठीवाचून डबा घ्यायचा आहे, त्यांनी आधी ही तपासणी करून घ्यावी.